खिडकीवाली

सोमवार, ४ ऑगस्ट

आज माझ्या वर्गात आणखी एक खुर्ची आली. नुसती खुर्चीच आली असती तर बरं झालं असतं.

सकाळीच हेडबाईने बोलावून घेतलं. वयाने माझ्या मुलीएवढी आहे, मला ताई म्हणते. "ताई, डोंगरावरची शाळा बंद झाल्यापासून तिथली पोरं आपल्याकडे येतात, पण नुसती येतात. हा वर्ग त्यांना आपला वाटत नाही. म्हणून त्यांच्यातलीच एक वडीलधारी बाई आजपासून तुमच्या वर्गात बसेल. शिकवायला नाही हं. नुसती असायला."

"नुसत्या असायला भिंती आहेत की," मी म्हटलं.

हेडबाई हसली नाही. "ही माणसं इथली मूळची. आपलं गाव वसायच्या आधीपासूनची. आणि तुमच्या त्या भिंतींवर त्यांच्याकडचं एकही चित्र नाही. बघितलंत कधी?"

नव्हतं बघितलं. भिंतीवर फळं आहेत, वाहनं आहेत, घड्याळ आहे. आता फळं कुणाकडची हेही बघायचं का?

मग ती आली. माझ्याच वयाची, हाडापेराने चिवट. दार उघडं होतं तरी मी 'या' म्हणेपर्यंत बाहेर उभी राहिली. खुर्चीवर बसली नाही. खिडकीखाली जमिनीवर बसली आणि खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. मी या शाळेत आले ती मधल्या सुट्टीत पोरं सांभाळायला. ना कॉलेज, ना कागद. दुसऱ्यांच्या वर्गाच्या दाराशी उभं राहून आणि टाकून दिलेली पुस्तकं वाचून शिकवायला शिकले. कितीतरी वर्षं स्टुलावर काढली, तेव्हा कुठे खुर्ची मिळाली. आणि हिच्या पिशवीला ती पहिल्याच दिवशी!

हेही सोसलं असतं. पण सुट्टी होईपर्यंत डोंगरावरची सगळी पोरं तिला टेकून बसली होती आणि त्यांच्यात गप्पू होती. ही पोर जूनपासून माझ्यासमोर बसते आणि तिने माझ्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलेलं नाही. मुकी नाही, रस्त्याने बडबडत जाताना मी ऐकलंय. गप्प बसते म्हणून मीच लाडाने गप्पू म्हणते. तिच्यासाठी मी काय नाही केलं? आज ती त्या बाईच्या कानाशी लागून बोलली. चांगली घटकाभर बोलली.

कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

मंगळवार, ५ ऑगस्ट

तिला काहीच येत नाही. मी नीट कान देऊन ऐकलं. पोरांना विचारते, "तुझ्या गुडघ्याला काय लागलं?" "काल तुमच्याकडे भांडण कशावरून झालं?" "हा आकडा कुठला? मला नाही येत वाचता." हे काय प्रश्न झाले? यांची उत्तरं कुठल्या पुस्तकात आहेत? आणि पोरं मात्र एकमेकांना ढकलून सांगतात.

मी तिचं नाव खिडकीवाली ठेवलंय. मनातल्या मनात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

हेडबाईने सगळ्यांना सांगितलं: १२ सप्टेंबरला परीक्षक येणार. तोंडी परीक्षा. जी मुलं उत्तर देणार नाहीत त्यांना मागच्या खोलीत घालायचं.

मागची खोली पाण्याच्या टाकीपलीकडे आहे. तिथे ज्याला तास नसेल तो जाऊन बसतो आणि पोरं दिवसभर रंगाप्रमाणे बटणं वेगळी करतात. संध्याकाळी बटणं पुन्हा एकत्र ओततात, दुसऱ्या दिवशी करायला काहीतरी हवं म्हणून. तिथून पुढच्या वर्गात आलेलं मूल मी पाहिलेलं नाही.

म्हणजे गप्पू जाणार. मी असं होऊ देणार नाही. ती बोलेल, आणि माझ्याशी बोलेल. खिडकीखाली कुजबुजून कुणी पास होत नसतं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

रोज शाळा सुटल्यावर तिला थोडा वेळ थांबवते. बिस्किट देते, चित्राचं कार्ड धरते. "हे काय आहे, बाळा?" गप्प. "हा बैल आहे की नाही?" गप्प. "बरं, माझ्या हातात किती खडू? सांग बघू." ती खडूंकडे बघते, मग माझ्याकडे बघते, आणि तिचे डोळे भरून येतात. जसं काही मी कानफटातच मारली. अगं, मी गोड बोलतेय ना!

प्रश्न सोपे केले. आणखी सोपे केले. जेवढे सोपे करते तेवढी ती आवळत जाते. पालथ्या घड्यावर पाणी.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे घड्याळं दुरुस्त करतात. पुढच्या खोलीत टेबल मांडलंय, डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात. भिंग न काढता म्हणाले, "बंद घड्याळ हलवून चालत नाही. उघडून बघावं लागतं."

"मग मी काय पोरीचं डोकं उघडू?"

"मी कुठे म्हटलं तिचं?"

ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

बुधवार, २० ऑगस्ट

आज प्रशिक्षण होतं. नव्या पोरसवदा साहेबाने मलाच उभं केलं. "ताई, तुम्ही सगळ्यांत अनुभवी. सांगा बघू, बेरजेच्या आधी मुलांना काय शिकवावं?" उत्तर त्याच्या हातातल्या कागदावर लिहिलेलं होतं. कागद त्याने उलटा धरला होता, पण उजेडात मला पाठीमागून अक्षरं दिसत होती. अरे बाबा, तू पाळण्यात होतास तेव्हापासून मी बेरजा शिकवतेय! तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, मग विचारतोस कशाला? मी काय कोर्टात उभी आहे?

मी तोंड उघडलं नाही. त्याला वाटलं मला येत नाही. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "चुकलं तरी चालेल हं, ताई." आणि प्रश्न आणखी सोपा करून विचारला! कानशिलं तापली. तरी गप्पच बसले.

घरी आल्यावरही बोलवेना. हे म्हणाले, "आज तुझीच गप्पू झाली की काय?" मी ताट जरा जोरातच ठेवलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

पोरांना 'आपला वर्ग' हे चित्र काढायला सांगितलं. गप्पूने काढलं: मोठी खिडकी, खिडकीखाली मोठी खिडकीवाली, तिच्याभोवती पोरंच पोरं. आणि कोपऱ्यात, फळ्याजवळ, नखाएवढी मी. माझं बोट मात्र माझ्या हातापेक्षा लांब. बोट समोर रोखलेलं.

चित्र सगळ्यांना दाखवून "छान" म्हटलं. मग हेडबाईकडे गेले. म्हटलं, खिडकीखाली कुजबुज फार होते, पोरांचं फळ्याकडे लक्ष लागत नाही, परीक्षा तोंडावर आलीय. हेडबाईने विचारलं, "ताई, नक्की?" मी म्हटलं, नक्की. ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल. परीक्षा होईपर्यंत येऊ नका म्हणते त्यांना."

वर्गाच्या भल्यासाठीच सांगितलं. दुसरं काय कारण असणार?

सोमवार, २५ ऑगस्ट

खिडकीखाली जागा रिकामी. डोंगरावरची पोरं आपापल्या बाकांवर सुटी सुटी बसली. कुजबुज नाही, गडबड नाही. मला हवा होता तसा वर्ग.

गप्पू भिंतीकडे तोंड करून बसली. मी हाक मारली तर मान वळवली नाही. खिडकीवालीची खुर्ची मी स्वतः उचलून बाहेर ठेवली. जड होती.

बुधवार, २७ ऑगस्ट

हे आज सगळं लिहायलाच हवं, जसं झालं तसं.

शाळा सुटली. बाकीची पोरं गेली. गप्पू पायरीवर बसली होती; तिला वर न्यायला कुणीतरी मोठं माणूस येतं, ते यायचं होतं. मी कार्डं घेऊन तिच्याशेजारी बसले, पण कार्ड धरायचा जीव होईना. थकले होते. आणि खरं सांगायचं तर पोटात नुसतं जळत होतं. ही रिकाम्या खिडकीकडे बघते आणि मी शेजारी बसलेय तर ढुंकूनही नाही! तोंडातून निघून गेलं, लहान पोरीला विचारू नये ते:

"तिच्यात असं काय आहे गं? आणि माझ्यात काय नाही?"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. अगदी निरखून, आमचे हे बिघडलेलं घड्याळ बघतात तसं. आणि ती बोलली. माझ्याशी.

"तिला माहीत नसतं," ती म्हणाली.

मला आधी कळेचना. "काय माहीत नसतं?"

"ती विचारते ते तिला माहीत नसतं. म्हणून विचारते. तुम्हाला माहीत असतं. तरी विचारता."

"अगं, बाईंना माहीत असायलाच हवं ना!"

"आमच्यात माहीत असलेलं कुणी कुणाला विचारत नाही." मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "फक्त चोराला विचारतात. त्याने घेतलंय हे सगळ्यांना माहीत असलं की सगळ्यांसमोर उभा करून विचारतात."

आणि मग तिने विचारलं, "मी काय घेतलंय, बाई?"

काही नाही गं, राणी. काही नाही घेतलंस. एवढंच म्हणता आलं. तेवढ्यात तिचं माणूस आलं आणि ती उड्या मारत गेली. मी पायरीवर बसून राहिले. रोज सकाळी, सगळ्यांसमोर, बोट रोखून. आणि वर बिस्किट देऊन.

गुरुवार, २८ ऑगस्ट

फळ्यावरचे आकडे दाखवायला हात उचलला आणि बोटाकडेच लक्ष गेलं. मूठ मिटून घेतली.

रविवार, ३१ ऑगस्ट

वर गेले. इतकी वर्षं खालून डोंगर दिसतो, कधी चढले नव्हते. गुडघ्यांनी वाटभर शिव्या दिल्या.

खिडकीवाली अंगणात टोपली विणत होती. तिच्या दाराबाहेर मी थांबले. मुद्दाम नाही, पाय आपणच थांबले. ती 'या' म्हणाली तेव्हा आत गेले.

पाणी दिलं. मी अडखळत म्हटलं, "तुम्हाला शाळेत येऊ नका म्हणून सांगितलं ना..."

"सांगितलं."

"कुणी तक्रार केली, ते तुम्ही विचारलं नाहीत हेडबाईंना?"

ती विणता विणता म्हणाली, "नाही. तुम्हालाही विचारणार नाही. मला माहीत आहे."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं. तिने दटावलं असतं तर मी चार शब्द ऐकवले असते. पण तिने विचारलंच नाही, त्यामुळे नाही म्हणायलाही जागा उरली नाही. "मीच," मी म्हटलं. "तुमचा हेवा वाटला."

"माझा?" आता तिने टोपली खाली ठेवली. आणि हसायला लागली. "या, तुम्हाला गंमत दाखवते."

घरामागे गप्पू होती. तिचं तिथून दोन घरं पलीकडे घर आहे, पण दिवसभर इथेच असते म्हणे. आम्ही भिंतीआडून पाहिलं. पोरीने दगड ओळीने मांडले होते, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात काटकी. "बाळांनो, इकडे बघा बरं! हे किती? सांग बघू! शाब्बास, माझ्या राणी!" माझाच आवाज. खोकलासुद्धा माझाच, वाक्याआधीचा.

"रोज चालतं हे," खिडकीवाली म्हणाली. "घरात आम्ही सगळे 'बाई असं म्हणाल्या' ऐकून कंटाळलो. मी एक गोष्ट सांगितली तर म्हणते, बाई याहून चांगली सांगतात, हात हलवून. जळायचं तर मी जळायचं. तुम्ही कुठे पुढे घुसता?"

"पण ती दगडांना विचारते ते?" मी म्हटलं. "ते तर तिला माहीत असतं ना?"

"मीही विचारलं. म्हणते, दगडांना वाईट वाटत नाही."

आम्ही दोघी तोंडावर हात ठेवून हसलो. मग माझं हसणं थांबलं, तिचं जरा नंतर थांबलं.

म्हटलं, परीक्षा आहे. ती नाही बोलली तर मागच्या खोलीत जाईल. बटणं निवडत बसेल. खिडकीवाली म्हणाली, "मग तिला असं विचारा जे तुम्हाला माहीत नाही."

"परीक्षेत तसं कुठे असतं?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "ते तुम्ही बघा, बाई तुम्ही आहात."

सोमवार, १ सप्टेंबर

हेडबाईकडे गेले. "खिडकीवा... त्या बाईंना परत बोलवा."

"ताई, तुम्हीच तर म्हणालात की..."

"हो, मीच म्हणाले. आता मीच म्हणतेय."

तिने पुढे काही विचारलं नाही. तिलाही माहीत असावं. खुर्ची आत आणून ठेवली. पिशवीसाठी.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

खरं न माहीत असणं काय कठीण असतं! घरून मणी मोजून नेले आणि गप्पूला म्हटलं, "मला माहीत नाही हं किती आहेत." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. पोरीला खोटं वासाने कळतं. मग हरून विचारलं, "आज वाटेत ओढ्याला पाणी किती होतं गं? मला उद्या वर यायचंय." लगेच म्हणाली, "माझ्या गुडघ्यापर्यंत. तुमच्या नाही." आणि वर कसं जायचं, कुठला दगड हलतो, सगळं सांगितलं.

मधल्या सुट्टीत पुन्हा त्या दोघी कानाशी लागल्या होत्या. जळलंच जरा. सवय आहे.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सकाळी ह्यांना म्हटलं, तुमच्या डब्यातले जुने स्क्रू द्या, मूठभर. मोजू नका. मला दाखवू नका. मी तोंड फिरवून उभी राहिले आणि ह्यांनी पिशवीत टाकून गाठ मारली. म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडून न बघता काहीतरी घेतलंस."

परीक्षक उंच, इस्त्रीचा माणूस. खिडकीवाली आपल्या जागी, हेडबाई दाराशी. गप्पूची पाळी आली. त्याने कार्ड उचललं, "हे काय आहे?" तिची मान खाली गेली. त्याने पेन उघडलं.

मी म्हटलं, "साहेब, नियमात 'परीक्षकाने किंवा वर्गशिक्षकाने विचारावं' असं आहे. मी विचारते." त्याने हेडबाईकडे पाहिलं. हेडबाईने मान डोलावली.

मी जमिनीवर बसले. गुडघे कडकडले, पोरं हसली. गाठ सोडून स्क्रू ओतले. बारीक, तांबूस, कुणाच्या कुणाच्या घड्याळातले. "ह्यांनी सकाळी दिले. किती दिले, मला माहीत नाही. ह्यांनाही माहीत नाही. मला खरंच कळायला हवंय."

गप्पूने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ. खिडकीवाली खिडकीबाहेर बघत होती. मुद्दाम, मला कळलं. आणि मी देवाला म्हटलं, ही आज माझ्याकडे बघून बोलली नाही तरी चालेल, तिच्याकडे बघून बोलू दे, पण बोलू दे.

तिने दहा-दहाचे ढीग केले. मोठ्या आवाजात. शेवटी म्हणाली, "सदतीस."

परीक्षकाने मला विचारलं, "बरोबर आहे का?"

"मला काय माहीत!" मी म्हटलं. "मोजा की."

तो पँट वर ओढून बसला आणि मोजू लागला. ओठ हलत होते. "छत्तीस," तो म्हणाला. "एक चुकला."

गप्पूने जमिनीकडे पाहिलं. "एक तुमच्या बुटाखाली आहे," ती म्हणाली.

पाय उचलला. होता.

त्याने पुन्हा कार्ड घेतलं नाही. पेनने काहीतरी लिहिलं आणि जाताना हेडबाईला म्हणाला, पुढच्या वर्गात. मग मलाही म्हणाला, "हे बाकीच्या मुलांनाही असं विचारता येईल का?" मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. बसा, बघू या."

गप्पू उठली ती धावत खिडकीखाली गेली आणि खिडकीवालीच्या गळ्यात पडली. माझ्याकडे आली नाही. स्क्रू मी एकटीनेच वेचले.

सोमवार, १५ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर फळा पुसत होते. मागे कुणीतरी उभं होतं. गप्पू. खिडकीवाली दाराबाहेर तिची वाट बघत होती.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला ती आवडते का?"

मी चटकन 'हो गं' म्हणणार होते. पोरांना म्हणतो तसं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिला खरोखरच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पुसणं हातात धरून मी विचार केला. ओढ्यातला हलणारा दगड आठवला, ते आमचं भिंतीआडचं हसणं आठवलं, शुक्रवारी तिच्या गळ्यात पडलेले ते दोन हात आठवले.

"थोडी," मी म्हटलं.

तिला पटलं. मान हलवून दाराकडे धावली. दोघी कानाशी लागल्या, मग खिडकीवालीने आत डोकावून मला आपल्या हाताची बोटं दाखवली: अंगठा आणि तर्जनी, मध्ये तीळभर जागा. तिलाही मी तेवढीच आवडत होते.

हसत गेल्या दोघी. पायरीपर्यंत हसणं ऐकू येत होतं. काय एवढं हसत होत्या कोण जाणे, उद्या विचारीन.